कचऱ्याच्या डंपाशेजारचं अनुदान: अडीच तारे, शेवटचा हप्ता येईपर्यंत

कचऱ्याचा ढीग चालवणारी ठेकेदार कंपनी शेजारच्या गावांना अनुदान देते, त्या योजनेबद्दल हे लिहितेय; कंपनीचं नाव मात्र लिहिणार नाही. गाव लहान आहे, तोंडं ओळखीची आहेत, आणि मुख्य म्हणजे आमच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता अजून त्यांच्याच खात्यात आहे. पण दोन वर्षं ह्या योजनेमागे चपला झिजवल्यावर ती कशी चालते हे सांगायला मी आता लायक झाले आहे. ज्यांच्या गावाशेजारी दुसऱ्यांचा कचरा पडतो आणि ज्यांना कोणीतरी 'तुम्ही अर्ज का करत नाही?' असं विचारून गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मराठी शाळेत ३४ वर्षं. सध्या वाड्यावरच्या महिला मंडळाची चिटणीस, म्हणजे ज्या बाईला इंग्रजी फॉर्म वाचता येतो ती. तालुका गोव्याच्या खाणपट्ट्यातला, कुठला ते सोडा. आमच्याकडे डंप म्हटलं की पूर्वी खाणीची लाल माती डोळ्यांसमोर यायची. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये परत पडल्या, आणि मधल्या काळात कधीतरी त्या शब्दाचा अर्थच बदलला. आता डंप म्हणजे सड्यावरचा, वरच्या कातळाच्या माळावरचा, कचरा. तिथे चिऱ्यांची खण होती. चिरे संपले, खड्डा राहिला, आणि खड्डा दिसला की माणसाला तो भरायची बुद्धी होते. आधी शहरातल्या गाड्या रात्री गुपचूप यायच्या, मग दिवसा यायला लागल्या, मग ठेकेदार कंपनी आली आणि गेटवर फलक लागला.

साळगावला २०१६ पासून बंदिस्त प्रकल्प आहे. ओल्या कचऱ्याचा गॅस करतात, गॅसची वीज. नंतर काकोड्यालाही प्रकल्प झाला. आमच्या सड्यावर तसलं काही नाही, उघड्यावरचा जुना ढीग आहे. मे २०१९ मध्ये मडगावजवळच्या सोनसड्याचा कचऱ्याचा ढीग पेटला तेव्हा टीव्हीवर तो धूर बघून आमच्या वाड्यावर कोणी काही बोललं नव्हतं. सगळे उठून दारात गेले आणि सड्याकडे बघून आले.

आता योजनेबद्दल. कंपनी दर वर्षी जूनमध्ये 'परिसरातील गावांसाठी' अर्ज मागवते. हा पैसा म्हणजे उपकार नव्हे, हे आधी समजून घ्या. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि ज्या भागात कंपनी काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच लिहिलंय. त्याला सगळे सीएसआर म्हणतात. आमच्या वाड्यावर त्याचं 'शेसार' झालंय. "बाई, शेसार आयलो?" असं मला पाववाला पोदेरसुद्धा विचारतो.

फॉर्म १७ पानांचा. इंग्रजी. लाभार्थी किती, त्यातल्या महिला किती, फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दिसतायत का, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब आहेत का. वास येतो का, हा प्रश्न १७ पानांत कुठेही नाही. मी दोनदा शोधला.

आम्ही काय मागितलं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तीन विहिरींच्या कठड्यांची दुरुस्ती आणि त्यांवर जाळीची झाकणं. कारण ढिगावरची घार आणि कावळे काय काय उचलून आणतात आणि कुठे टाकतात ते पाणी शेंदणारीलाच माहीत. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या १४ खिडक्यांना आणि दोन दारांना माशांची जाळी. विहिरींच्या पाण्याची वर्षातून दोनदा तपासणी, दोन वर्षं. आणि वरच्या उतारावरून पावसात जे काळं पाणी खाली शेताकडे येतं ते वळवायला गटार. एकूण ४,८६,००० रुपये. माशांचं कोणाला हसू येत असेल तर त्याने चवथीला आमच्याकडे यावं. मी नेवऱ्या तळायला बसते तेव्हा एक जण फक्त पंख्याने वारा घालायला लागतो, आणि तो माझ्यासाठी नसतो.

पहिला अर्ज जून २०२३ मध्ये केला. सप्टेंबरात उत्तर आलं, दोन ओळींचं: तुमचा वॉर्ड योजनेच्या क्षेत्रात बसत नाही.

हे कसं, ते समजून घ्यायला मी स्वतः ऑफिसात गेले. तिथल्या मुलाने, चांगला होता तो, चहा दिला आणि नकाशा दाखवला. ढीग ज्या पंचायतीच्या हद्दीत आहे ती पंचायत 'परिसर'. आमचा वाडा ओहोळाच्या अलीकडे, म्हणजे शेजारच्या पंचायतीत. ढिगाच्या पंचायतीची मुख्य वस्ती ढिगापासून रस्त्याने तीन किलोमीटर, डोंगराच्या पलीकडे, आणि ती पात्र. तिथे आदल्या वर्षी बसस्टॉप, चार बाकडी आणि गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं झाली होती, फोटो काढायला. आमच्या वरच्या विहिरीपासून कुंपणापर्यंतचं अंतर आम्ही शाळेची ५० मीटरची फीत घेऊन पायवाटेने मोजलं होतं. ५८० मीटर. २०१६ च्या घनकचरा नियमांत भराव वस्तीपासून आणि विहिरींपासून २०० मीटर लांब हवा असं होतं. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने आम्ही लांब, पंचायतीच्या हिशोबाने परके, आणि नाकाच्या हिशोबाने शेजारी.

"बाई, वारा खंय वता तें आमी कशें धरपाचें?" तो मुलगा म्हणाला. वारा कुठे जातो ते आम्ही कसं धरायचं? त्याला वाटलं, त्याने वाद संपवला.

मी ३४ वर्षं मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवलेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. हिवाळ्यात रात्री आकाश मोकळं, जमीन लवकर थंड होते, पहाटे पूर्वेकडून गार झुळूक येते. आमच्या पूर्वेला काय आहे? ढीग. पुस्तकातला धडा एवढा मनापासून मी वर्गात कधी घेतला नसेल.

घरात एक जुनं कोरं हजेरीपत्रक पडलं होतं. १ ऑक्टोबरपासून मी त्यात वासाची हजेरी मांडायला लागले. रोज दोन वेळा, पहाटे सहा आणि संध्याकाळी साडेसहा. वास आला तर 'ह', नाही आला तर 'गै'. मी कोणाच्या बारशाला गेले असले तर शेजारच्या वहिनी मांडायच्या, त्यांचं अक्षर वेगळं कळतं आणि पुढे तेच उपयोगी पडलं, कारण एकटीने बसून रचलेलं नाही हे दिसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या १२१ पहाटांपैकी ८७ पहाटा 'ह'. संध्याकाळी फक्त १९. मेमध्ये दोन्ही वेळा कमी. आमच्या घरातून थट्टा व्हायची, "आज तुझा विद्यार्थी आला का?" असं हे दात घासता घासता विचारायचे. पण फेब्रुवारीत एक दिवस मी झोपून राहिले तर ह्यांनीच उठून 'ह' लिहिला होता.

जून २०२४ मध्ये दुसरा अर्ज. ह्या वेळी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, ओहोळापलीकडच्या पात्र वॉर्डातल्या मंडळाला बरोबर घेतलं. त्यांच्याही शाळेला जाळी हवीच होती, त्यांनी दुसरीकडून पैसे मिळवले, पण आमच्या अर्जाला सहीचं पत्र दिलं. दोन, अर्ज आमच्या नावावर केलाच नाही. १ एप्रिल २०२१ पासून असा पैसा घ्यायचा तर संस्थेची केंद्र सरकारकडे सीएसआर-१ ही नोंदणी लागते, आणि त्याआधी आयकराच्या १२-ए आणि ८०-जी ह्या करसवलतीच्या नोंदण्या. भिशी आणि हळदीकुंकू एवढीच उलाढाल असलेल्या मंडळाकडे हे कुठून असणार? तालुक्यातल्या एका जुन्या संस्थेने तिचं नाव वापरू दिलं. ज्या गावाला पैसा हवा त्या गावाकडे तो घ्यायची नोंदणी नसते, आणि नोंदणी ज्यांच्याकडे असते ते शहरात, वासापासून बऱ्यापैकी लांब. योजनेला एक तारा मी इथेच कापलाय.

मग पाहणी. नोव्हेंबरात तीन माणसं गाडीतून आली. सकाळी साडेअकराला! खारं वारं छान सुटलं होतं, समुद्राकडून आलेली स्वच्छ हवा, वाड्यावर मोगऱ्याचा वास. मोठे साहेब म्हणाले, "इथे तर काहीच जाणवत नाही." वहिनींनी कोकमाचं सरबत दिलं, ते प्याले, विहिरीत डोकावले, फोटो काढले. मी हजेरीपत्रक पुढे केलं. साहेबांनी दोन पानं उलटली आणि हसून परत दिलं, शाळा तपासनीस शिक्षकाची वही परत देतात तसं नव्हे, लहान मुलाचं चित्र परत देतात तसं. मी म्हटलं, "साहेब, उद्या पहाटे सहाला या." ते म्हणाले, बघू.

तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला स्कूटरचा आवाज आला. त्यांच्यातली जी तरुण मॅडम होती, जी आदल्या वेळी एक शब्द बोलली नव्हती, ती एकटी आली होती. स्वेटर, डोक्याला ओढणी. मी तिला काही सांगितलं नाही, अंगणात खुर्ची दिली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. बाहेर आले तर ती ओढणी नाकाला लावून बसली होती. चहा तिने अर्धाच घेतला. मग म्हणाली, "बाई, ती वही जरा द्या," आणि सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. त्या दिवशीचा 'ह' मी तिच्याकडून लिहून घेतला. ह्या अख्ख्या सेवेत कोणाला पाचपैकी पाच द्यायचे तर तिला, आणि तिच्या स्कूटरच्या पेट्रोलाचे पैसे कंपनीने दिले असतील असं मला वाटत नाही.

मधे कागदपत्रांचा भाग. तो थोडक्यात आटपते, कारण आठवला की डोकं चढतं. प्रत्येक विहिरीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे त्याचा कागद, हवा. एक विहीर कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक संस्थेच्या, जमिनीत, तिची परवानगी अडीच महिन्यांनी आली. दुसरी एका सज्जन गृहस्थांची, त्यांनी तिथल्या तिथे सही केली. तिसरी आमच्या सासरची, उताऱ्यावर ह्यांच्या आजोबांचं नाव अजून जिवंत, आणि मालक सहा. त्यातला एक, माझ्या चुलत दिरांचा मुलगा, इंग्लंडात स्विंडनला. पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेल्या गोंयकारांनी ते शहर भरलंय हे तुम्हाला माहीतच असेल.

ना-हरकतीसाठी त्याला फोन केला तर तो म्हणतो, "काकी, कचऱ्याच्या शेजाऱ्यांना पैसे देण्याची स्कीम इथे पण आहे. मी पोराला नेतो त्या बागेत झोपाळ्याच्या खांबाला पाटी आहे." मग त्याने मला सगळं वाचून पाठवलं, आणि ते मला आमच्या योजनेशी ताडून बघायला फार उपयोगी पडलं, म्हणून सांगते. तिथे जमिनीत कचरा पुरायला कर लागतो. १ ऑक्टोबर १९९६ पासून. तेव्हा टनाला ७ पौंड होता, एप्रिल २०२५ मध्ये १२६.१५ पौंड झाला. कचरा पुरणारी कंपनी ह्या करातला थोडा भाग ढिगाजवळच्या वस्त्यांच्या कामांना देऊ शकते, आणि दिलेल्या रकमेच्या ९० टक्के तिला करात सूट मिळते. उरलेले १० टक्के कोणीतरी तिसऱ्याने घालायचे. ह्यावर देखरेख करायला एन्ट्रस्ट नावाची वेगळी संस्था आहे. बागा, सार्वजनिक सभागृहं, जुन्या चर्चांची डागडुजी, पाणथळ जागा, पक्षी, असली कामं होतात. वेल्सने २०१८ पासून आपला वेगळा कर आणि वेगळी योजना केली. तिथे कचऱ्याच्या भरावापासून, किंवा जिथे कचरा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरतात त्या जागेपासून, ५ मैलांच्या आत असलं की झालं. इंग्लंडात साधारण १० मैल धरतात.

मैल! मैलाला पंचायत कळत नाही, ओहोळ कळत नाही, सरपंच कोणत्या पक्षाचा ते कळत नाही. कंपास घ्यायचा, वर्तुळ काढायचं. आणि हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. खाणींचा पैसा बघा. २०१५ मध्ये कायदा बदलून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं झाली, त्यात 'प्रत्यक्ष बाधित' आणि 'अप्रत्यक्ष बाधित' असे शब्द आले. २०२४ च्या नव्या सूचनांत खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंत प्रत्यक्ष बाधित धरलंय. ते पैसे कसे आणि कधी खर्च होतात हा वेगळा विषय, त्यावर मी इथे सुरू झाले तर थांबणार नाही. पण निदान मोजायचं कशाने, ते ठरलेलं आहे.

इंग्रजांच्या योजनेने भारावून जायचं मात्र कारण नाही. पुतण्याला मी विचारलं, त्या बागेत वास येतो का? म्हणाला, "नाही काकी, ढीग बराच लांब आहे." म्हणजे १० मैलांच्या वर्तुळात जो ९ मैलांवर आहे त्यालाही झोपाळा, आणि जो कुंपणाला टेकून आहे त्यालाही झोपाळाच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरीचं पत्र आलं. ३,१०,००० रुपये. विहिरी आणि जाळ्या मंजूर, पाण्याची तपासणी आणि गटार नामंजूर.

गटाराचं कारण ऐकण्यासारखं आहे. सीएसआरच्या नियमांत असं आहे की कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम आणि जे काम कायद्याने करायलाच हवं ते, ह्या पैशातून करता येत नाही. काळं पाणी ढिगातून बाहेर येऊ न देणं ही कायद्याची जबाबदारी, म्हणून ते अनुदानात बसत नाही. नियम शंभर टक्के बरोबर आहे. मी मास्तरीण, बरोबर उत्तराला चूक म्हणत नाही. पण मग मी विचारलं, कायद्याने करायचंच आहे तर ते होतंय का? २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की रोज काम संपताना कचऱ्यावर निदान १० सेंटीमीटर मातीचा किंवा तसल्या राड्यारोड्याचा थर टाकायचा, आणि पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटीमीटरचा. ते मागायचा फॉर्म कुठला? उत्तर मिळालं, तो विषय दुसऱ्या विभागाचा. दुसऱ्या विभागाला पत्र पाठवलं, त्याची पोच आहे माझ्याकडे. पोचच आहे.

आणि पाण्याची तपासणी का नाही? कारण तो 'आवर्ती खर्च'. झाकण एकदा बसवलं की संपतं, त्याचा फोटो येतो. तपासणी दर सहा महिन्यांनी नवा आकडा देते, आणि आकड्याला कोणीतरी उत्तर द्यावं लागतं. हे माझं मत, कागदावर फक्त 'आवर्ती खर्च' एवढंच आहे. २४,००० रुपयांची बाब होती. गावाच्या नावाची रंगीत अक्षरं ह्याहून महाग पडली असतील.

पैसे ६०, ३० आणि १० टक्के असे तीन हप्त्यांत. पहिला, १,८६,००० रुपये, मार्चमध्ये आला, दिलेल्या तारखेच्या आधी चार दिवस. कौतुकाची गोष्ट, सांगायलाच हवी. आम्ही एप्रिल-मेमध्ये काम उरकलं, कारण जूनला पाऊस लागला की कठड्याचं सिमेंट काय धरणार. गवंडी गावातलाच. जाळीची चौकट करणारा वेल्डर ओहोळापलीकडचा, त्याने मजुरी कमी घेतली कारण त्याची मुलगी आमच्या शाळेत. खिडक्यांना आधी हिरवी नायलॉनची जाळी लावली, ती उंदरांनी कुरतडली, मग स्टीलची लावली, त्यात थोडे जास्त गेले. दुसरा हप्ता ९३,००० चा, तोही आला, पण त्याआधी फोटोतला कठडा आणि प्रत्यक्षातला कठडा एकच आहे हे पटवायला तीन वेळा फोटो परत पाठवावे लागले. एका फोटोत वहिनींची म्हैस आली होती. ती काढून परत पाठवा, असं उत्तर आलं. फोटोतून.

कामाचा दर्जा? उत्तम आहे, पण तो आमच्या गवंड्याचा. जाळी लागल्यापासून अंगणवाडीत जेवणाच्या वेळी मुलांना एका हाताने ताट झाकावं लागत नाही. अंगणवाडीताई म्हणते, ह्या वर्षी पोरं पूर्ण भात संपवतात. विहिरीत आता पान पडत नाही, हाडूक पडत नाही. झाकणाला मधे घागरीपुरतं दार ठेवलंय, त्याची कडी पहिल्याच आठवड्यात मोडली, ती आम्ही स्वतः बदलली. हे सगळं ह्या पैशाने झालं आणि त्याबद्दल मी खरंच आभारी आहे. तसं लिहूनही दिलंय, त्यांच्या छापील नमुन्यात, कारण तो भरल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

फलकाबद्दल नियम असा: प्रत्येक कामावर कंपनीच्या नावाचा फलक, चार फूट बाय तीन फूट, रस्त्याकडून दिसेल असा. विहिरीचा कठडा अडीच फूट उंच आहे. म्हणजे आता आमच्या विहिरीकडे बघितलं की आधी फलक दिसतो आणि त्याच्यामागे विहीर असावी असा अंदाज येतो. वाड्यावरच्या बायकांनी त्याचा उपयोग शोधून काढलाय, ऊन चांगलं लागतं त्याला, गोधड्या वाळतात. कंपनीची माणसं येणार असली की पोरं ओरडत येतात आणि गोधड्या निघतात.

शेवटचे १० टक्के, ३१,००० रुपये, काम पूर्ण झाल्याचा दाखला दिल्यावर. दाखला जुलै २०२५ मध्ये दिला. ऑडिटरची सही, सरपंचाचं पत्र, त्या जुन्या संस्थेचा शिक्का, सगळं. तेव्हापासून 'प्रक्रियेत आहे'. ती पहाटेची मॅडम आता तिथे नाही, दुसऱ्या कंपनीत गेली म्हणे. वेल्डरचे २२,००० द्यायचे होते, ते भिशीतून दिले. माणूस गरीब, त्याला प्रक्रिया काय सांगायची.

अर्ज करणार असाल तर माझा अनुभव असा. एक-चौदाचा उतारा आधी बघा, फॉर्म नंतर. सीएसआर-१ असलेली संस्था मे महिन्यातच गाठून ठेवा. जे काम फोटोत दिसतं ते मागा, जे दिसत नाही त्यासाठी वेगळी भिशी लावा. पाहणीची वेळ ते ठरवतील, पण वासाची वेळ तुम्ही लिहून ठेवा, तारखेसकट, निदान दोन वेगळ्या अक्षरांत. आणि कागदाची प्रत्येक प्रत घरी ठेवा, मंडळाच्या कपाटात नको, तिथे वाळवी आहे.

पैसे मिळाले आणि काम झालं म्हणून दोन तारे. पहाटे सहाला आलेल्या स्कूटरसाठी अर्धा. ३१,००० आले की आणखी एक देईन, तो शब्द आहे माझा. बाकीचे, परिसर म्हणजे काय ते नीट मोजायला शिकतील तेव्हा.

पाण्याची तपासणी आम्ही शेवटी स्वतःच केली. चवथीनंतर भिशीतले २,६०० रुपये उरले होते. एका खासगी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणली, बर्फाच्या डब्यातून वरच्या विहिरीचं पाणी नेऊन दिलं. क्लोराइड २५० च्या मर्यादेच्या आत. नायट्रेट ३१, मर्यादा ४५. कॉलिफॉर्म जंतू आढळले, आणि ते आढळायलाच नको असतात. ते ढिगाकडून आले की आमच्याच सेप्टिक टँकातून, हे एका बाटलीने सांगता येत नाही. आमचा टँक विहिरीपासून वीस पावलांवर आहे, ते मी लपवत नाही. खाली प्रयोगशाळेने लिहिलंय, तपासणी पुन्हा करावी. पाणी सध्या उकळून पितो.

नवीन अर्ज भरून ठेवलाय. त्यांचा फॉर्म १७ पानांचाच आहे, हा रिपोर्ट मी १८ वं पान म्हणून मागे टाचलाय.